पुस्तकातली पेशी असते तरी कोणाच्या अंगात?

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

तुमचा पेपर बडोद्यात हातात मिळत नाही, मोबाईलवर उघडते आणि चहा उकळेस्तोवर वाचते, जावयांनी अक्षर मोठं करून दिलंय. दोन आठवड्यांमागे रविवारी मुलांच्या पानावर प्राणीपेशीवर लेख होता, पेशी म्हणजे एक शहर, केंद्रक म्हणजे महापौर, तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) म्हणजे वीजघर, गॉल्जी म्हणजे पोस्ट ऑफिस वगैरे, आणि बाजूला ते नेहमीचं चित्र, अंडं फोडून तव्यावर टाकल्यासारखं. तेव्हाच लिहायचं होतं पण म्हटलं जाऊ दे, मुलांसाठी आहे. पण परवा घरी जे झालं त्यानंतर राहवेना म्हणून लिहितेय, लांबलं तर काटछाट करा.

झालं असं की नातू नववीत आहे, मुलीचा मुलगा. शाळेत सांगितलं प्राणीपेशीचं मॉडेल करून आणा. आता रावपुऱ्यात स्टेशनरीवाल्याकडे ही मॉडेलं तयार मिळतात, अर्धा थर्मोकोलचा गोळा, आत रंगीत क्ले, तंतुकणिकांच्या जागी राजम्याचे दाणे चिकटवलेले, टाचण्यांना नावाच्या चिठ्ठ्या. अर्ध्या वर्गाने तेच आणलं. आमचा म्हणाला आजी मी रक्तातली लाल पेशी करतो, ती पण प्राणीपेशीच ना. मी 34 वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, रक्ताच्या स्लाइड बघण्यातच डोळे गेले, मला काय आनंदच झाला. मैदा भिजवला, लाल रंग घातला. पहिल्यांदा त्याने मेदूवडाच केला, मधे आरपार भोक. म्हटलं अरे भोक नसतं, पेढा असतो ना तसा कर, फक्त दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबलेला. छान झाला हो. आणि शाळेतून काय आलं तर 10 पैकी 3 मार्क आणि लाल पेनाने शेरा, इनकम्प्लीट, व्हेअर इज द न्यूक्लिअस. राजम्यावाल्यांना 9.

पोरगं हिरमुसलं ते वेगळं, पण मला राग टीचरचा नाही आला. त्यांनाही तेच चित्र शिकवलेलं, त्यांच्या टीचरनाही तेच. राग त्या चित्राचा आलाय. कारण मी इतक्या वर्षांत किती स्लाइड बघितल्या असतील त्याचा हिशोब नाही, पण त्या चित्रातली पेशी मला एकदाही दिसली नाही, ती कोणाच्याच अंगात नसते. सगळ्या पेशींमधलं थोडं थोडं उचलून एक सरासरी गोळा केलाय आणि पोरांना वाटतं अंगात सगळीकडे हेच गोळे भरलेत.

लाल पेशीचंच बघा ना. आपल्या अंगात सगळ्यात जास्त संख्या तिचीच, एका मायक्रोलिटर रक्तात 50 लाखाच्या आसपास, आणि तिच्यात केंद्रकही नाही आणि तंतुकणिकाही नाही. सुरुवातीला असतं सगळं, हाडाच्या मज्जेत तयार होताना केंद्रक असतं, मग ती ते चक्क बाहेर टाकते आणि शेजारची एक मोठी पेशी ते खाऊन टाकते. उरलेली पिशवी हिमोग्लोबिनने ठासून भरलेली, एकेका पेशीत 27 कोटीच्या आसपास रेणू. तंतुकणिका नसल्यामुळे ऑक्सिजन वापरून शक्ती काढताच येत नाही तिला, साखर अर्धवट मोडून एका ग्लुकोजमागे जेमतेम 2 एटीपी (पेशी शक्तीसाठी खर्च करते तो रेणू) मिळवते आणि त्यावर भागवते. म्हणजे खंडेराव मार्केटात हमाल दिवसभर गव्हाची पोती वाहतो पण त्यातला एक दाणा तोंडात टाकत नाही, तसं. आणि असं 120 दिवस चालतं. महापौराशिवाय! फक्त एवढंच की काही बिघडलं तर नवीन भाग करता येत नाही, म्हणून झिजत झिजत संपते, आणि तिकडे मज्जेत सेकंदाला वीस लाखाच्या घरात नव्या तयार होत असतात.

बरं केंद्रक गेलं म्हणून त्याचा हिशोब मिटत नाही. छोटाउदेपूरकडचे आदिवासी पेशंट आमच्याकडे यायचे, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीसाठी. थेंबभर रक्तात सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं, वर कव्हरस्लिप, कडा व्हॅसलिनने बंद करायच्या की हवा जाऊ नये, आणि थांबायचं. थोड्या वेळाने बघावं तर गोल गोल पेढ्यांचे विळे झालेले, टोकं निघालेली. हिमोग्लोबिनच्या अमिनो अॅसिडच्या साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलीन, एवढाच फरक, ऑक्सिजन कमी झाला की ते रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात आणि पेशी वाकते. हुकूम देणारं केंद्रक कधीच मज्जेत राहिलं, चूक मात्र 120 दिवस रक्तात फिरते. हे मी डोळ्यांनी बघितलंय, शहराच्या गोष्टीत कुठे बसवणार हे?

आता कोणी म्हणेल लाल पेशीत केंद्रक नसतंच, तर तेही नाही. एका उत्तरायणला आमच्या धाब्यावर (बाहेरचे गच्ची म्हणतात, आम्ही बडोद्याचे धाबंच म्हणतो) मांज्याने पंख कापलेलं कबूतर पडलं. पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेण्यासाठी मुलगा आला तोवर मी त्याला फडक्यात धरून बसले होते, घरात दोन-चार स्लाइड पडलेल्या असायच्याच, एकीवर थेंब घेतला आणि ओढला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये लेशमनचा रंग दिला, मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली लावली आणि क्षणभर काय बघतेय तेच कळेना. सगळ्या लाल पेशी लांबट, तिळासारख्या म्हणा, आणि प्रत्येकीच्या मधे जांभळं केंद्रक, एकही सुटलेली नाही. डॉक्टरसाहेबांना बोलावलं तर हसले, म्हणाले पक्ष्यांचं असंच असतं, बेडकाचं, सापाचं, आपल्या विश्वामित्रीतल्या मगरींचंही. सस्तन प्राण्यांनीच हे केंद्रक टाकायचं काढलंय. मी ती स्लाइड कितीतरी वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवली होती. (कबूतर वाचलं, विचाराल म्हणून सांगते.)

लाल सोडा, पांढऱ्या घ्या. त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशीचं केंद्रक गोल नाहीच, दोन ते पाच तुकडे आणि मधे बारीक दोरे, तेही म्हणे अरुंद फटीतून घुसायला सोपं जावं म्हणून. बायकांच्या काही काही न्यूट्रोफिलमध्ये त्या केंद्रकाला ढोलाच्या काठीसारखं एक छोटं बोंड लोंबत असतं, तो बंद पडलेला एक्स क्रोमोसोम. यकृताच्या पेशीत कधी कधी दोन केंद्रकं, स्नायूच्या लांबच लांब पेशीत तर शेकड्यांनी, तीही कडेला सरकवलेली. प्लेटलेट म्हणजे अख्खी पेशीच नव्हे, मोठ्या पेशीचे तुटलेले तुकडे. वीर्याच्या तपासणीत तर शुक्रपेशी म्हणजे केंद्रक, इंजिन आणि शेपूट, तंतुकणिका सगळ्या मानेखाली शेपटीभोवती गुंडाळलेल्या, कारण जोर तिथे लागतो. जसं काम तसं घर. हे पोरांना सांगितलं की त्यांना लगेच कळतं हो, उगाच अवघड नाही.

तंतुकणिकेचा तो राजमा तर मला बघवतच नाही. नावच बघा, तंतु आणि कणिका. मायटोकॉन्ड्रिया हा शब्द 1898 साली बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने दिला तो ग्रीकमधून, त्याचा अर्थही अगदी तोच, दोरा आणि दाणा, आणि ज्यांनी कोणी मराठी केलं त्यांना माझा नमस्कार. कारण जिवंत पेशीत ती कधी दोऱ्यासारखी लांब पसरते, कधी तुटून दाणे होतात, परत दोन जुळून एक होतात, सारखी हलत असते. चित्रात मात्र दोन राजमे सुटे सुटे. यकृताच्या एका पेशीत हजार-दोन हजार असतात! आणि वीजघर म्हणणं तर अर्धवटच, तारेतून वीज जात नाही तिथे. आतल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठवायचे आणि ते परत येताना एक बारीकशी चक्की फिरते, खरोखरची फिरते, तिच्यातून एटीपी बाहेर पडतो. जत्रेतल्या पाळण्यापेक्षा नातवाला हे जास्त आवडलं. बॉयर आणि वॉकर यांना 1997 चं नोबेल याच चक्कीसाठी मिळालं. आणि त्या एटीपीच्या शोधात आपले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा हात आहे, 1929 साली अमेरिकेत फिस्क या सहकाऱ्यासोबत, हे तर शाळेत कोणी सांगतच नाही.

तिच्यात स्वतःचा वेगळा डीएनए असतो, 16,569 अक्षरांचा, फक्त 37 जीन, आणि तो आईकडूनच येतो, बापाच्या तंतुकणिका अंड्यात शिरल्या तरी नष्ट केल्या जातात. म्हणून मी नातवाला सांगितलं, आडनाव तुझं बापाचं असू दे, ह्या तुझ्या तंतुकणिका माझ्या, माझ्या आईच्या, मिरजेच्या आजीच्या. मुलाच्या मुलीला मात्र माझ्या नाहीत, तिच्यात सुनेच्या माहेरच्या. हे जेवताना बोलले तर सूनबाई इतक्या खूष झाल्या की विचारू नका, दोन दिवस तेच चाललं होतं घरात.

आता बडोद्याचं म्हणून एक सांगायलाच हवं, तुमच्या लेखात रायबोसोमला (पेशीत प्रोटीन बनवतो तो) एक ओळ होती, छोटे ठिपके म्हणून. व्यंकटरामन रामकृष्णन इथलेच, जन्म चिदंबरमचा पण वाढले बडोद्यात, 1971 साली एम. एस. युनिव्हर्सिटीतून फिजिक्समध्ये बी.एस्सी. झाले, आणि 2009 साली स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांच्याबरोबर नोबेल मिळालं ते याच ठिपक्यांसाठी. बातमी आली तेव्हा मांडवीपासून फतेगंजपर्यंत जो भेटेल तो त्यांचा शेजारी किंवा वर्गमित्र निघत होता. मी तेव्हा लॅबमध्ये रेटिक काउंट करत बसले होते, खोटं नाही सांगत. रेटिक म्हणजे नुकतीच मज्जेतून आलेली लाल पेशी, केंद्रक गेलेलं पण अजून थोडं सामान आत राहिलेलं. रक्तात न्यू मेथिलीन ब्लू घालून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, मग स्लाइड ओढायची, त्या नव्या पेशींमध्ये निळी जाळी दिसते, बाकीच्या साध्या. हजार मोजायच्या, त्यात 5 ते 25 जाळीवाल्या निघाल्या तर नॉर्मल. पंडुरोगाच्या बाईला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की आठवड्याभरात ह्या जाळीवाल्या भराभर वाढतात, हिमोग्लोबिन चढायच्या आधी, म्हणजे औषध लागू पडलं हे सगळ्यात आधी आम्हाला कळायचं. तर त्या दिवशी डॉक्टरसाहेब पेढे घेऊन आले आणि म्हणाले ताई, तुम्ही जी निळी जाळी मोजताय ना तो रायबोसोमचा आरएनएच, रंगाने गोळा झालेला. म्हणजे वर्षानुवर्षं मी रोज ज्याची मोजणी करत होते ते त्या नोबेलवाल्याचंच घर, आणि मला नावही सांगता आलं नसतं! जाळी म्हणजे जाळी, एवढंच आम्हाला शिकवलेलं.

आणि हे काही कोणत्या तरी प्रयोगशाळेतलं नाही, सर्दी-खोकल्याला लोक ज्या अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या (डॉक्टरला न विचारता, हा आणखी एक वैताग) घेतात ना, ते औषध जंतूंच्या रायबोसोमलाच जाऊन अडकतं. त्यांचा रायबोसोम आपल्यापेक्षा थोडा वेगळ्या घडणीचा म्हणून त्यांचं प्रोटीन बनणं थांबतं, आपलं चालू राहतं. विषाणूंमध्ये रायबोसोम नसतोच, म्हणून साध्या व्हायरल सर्दीला ती गोळी घेऊन काय उपयोग. एवढं एक वाक्य जरी तुमच्या पानावर छापलं असतंत तर मुलांनीच आईबापांना टोकलं असतं.

लयकारिकेला (लायसोसोम, पेशीतली पचवणारी पिशवी) अजून आत्मघाती पिशवी म्हणतात, तेही तुमच्याकडे छापलंय. द डूव्ह यांनी 1955 साली शोधली ती, आणि पेशी मारणं हे काही तिचं रोजचं काम नाही, जुनं मोडकं सामान विरघळवून परत वापरायला देणं हे तिचं काम. आत आंबट, पीएच 5 च्या खाली, तिथेच तिची एन्झाइमं नीट चालतात, बाहेर सांडली तर बरीचशी ढिली पडतात. ती बंद पडली तर काय होतं ते मी एकदाच बघितलं. लहान मूल होतं, पोट फुगलेलं, प्लीहा वाढलेली, मज्जेची स्लाइड आली. त्यात मोठ्या मोठ्या पेशी, आतलं सगळं चुरगाळलेल्या टिश्यू पेपरसारखं, सुरकुत्याच सुरकुत्या. डॉक्टरसाहेबांनी सगळ्या स्टाफला बोलावून एकेकाला दाखवलं, म्हणाले गोशर पेशी, परत दिसणार नाही कदाचित. लयकारिकेतलं एकच एन्झाइम नाही, म्हणून एक प्रकारची चरबी मोडत नाही, साठत जाते. मुलाची आई बाहेर बाकावर बसली होती आणि आम्ही आत रांग लावून बघत होतो, ते अजून खटकतं.

आणखी एक गोष्ट चित्रात नसतेच, पेशीतले दोर आणि नळ्या. चित्रात सगळं पाण्यात सोडल्यासारखं तरंगतं. प्रत्यक्षात आत इतकी दाटी असते की उत्तरायणच्या आदल्या दिवशीची मांडवी परवडली, आणि सामान ह्या नळ्यांवरून कायनेसिन नावाचं प्रोटीन पाऊल टाकत ओढत नेतं, एक पाऊल 8 नॅनोमीटरचं. कमरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकच चेतापेशी जाते, जवळजवळ मीटरभर, त्यात भरभर जाणारा माल दिवसाला 200 ते 400 मिलिमीटर सरकतो, म्हणजे शेवटापर्यंत तीन-चार दिवस. बडोद्याहून पुण्याला पाठवलेलं पार्सलही एवढेच दिवस घेतं.

शब्दांचाही घोळ आहे हो इथे. मी पेशी म्हणते, पण गुजरातीत पेशी म्हणजे ऊती, टिश्यू, आणि सेलला ते कोष म्हणतात. शेजारच्या बेन तर संत्र्याच्या फोडीलाही पेशी म्हणतात. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू, नाहीतर कोर्टाची तारीख. नातू इंग्रजी माध्यमाचा, त्यामुळे मी काही समजवायला गेले की आधी दहा मिनिटं कुठली पेशी यातच जातात. तंतुकणिकेला गुजरातीत कणाभसूत्र, तिथेही दाणा आणि दोरा आहेच.

तर मागणं एवढंच आहे की पुढच्या वेळी ते अंड्याचं चित्र छापू नका. चार खरे फोटो छापा, माणसाचं रक्त, पक्ष्याचं रक्त, एक चेतापेशी, एक स्नायू, कुठल्याही मेडिकल कॉलेजातून मिळतील. आणि खाली लिहा की शाळेच्या मायक्रोस्कोपखाली गालाच्या आतून टूथपिकने हलकेच खरवडून मेथिलीन ब्लूचा थेंब टाका आणि स्वतःची पेशी बघा. हेही खरं लिहा की निळा ठिपका दिसेल, केंद्रकाचा, बाकी पुस्तकातलं काही दिसणार नाही, रायबोसोम तर 30 नॅनोमीटरच्या आतला, त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो. पोरांना आधीच सांगितलं की ती नाराज होत नाहीत. आमच्या गल्लीतल्या पाच-सहा जणांना मी माझ्या जुन्या मायक्रोस्कोपवर दाखवलंय, एक मुलगी म्हणाली आजी ही तर पापडासारखी दिसते, एका कोपऱ्यात दुमडलेली. बरोबर बघितलं तिने.

आपली वाचक,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
दांडिया बाजार, बडोदा

ता.क. – ते 3 मार्कांचं मॉडेल फ्रिजवर ठेवलंय. मैद्याचं असल्याने एका बाजूने मुंग्या लागल्यात, पण केंद्रक काही अजून उगवलेलं नाही.